मोठ्या कारखान्यातील नीती आणि तिचे शिक्षण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी या संमेलनात बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी थोडा संकोचलो. मी विद्वान नव्हे, वक्ता तर नव्हेच. एका मोठ्या कारखान्याच्या कर्मचारी विभागात ३२ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील शेवटची काही वर्षे कामगारांना व अधिकाऱ्यांना आचारसंहिता शिकविण्यात गेली, एवढीच काय ती माझी पात्रता.

'नीती ही आईच्या मांडीवर शिकायची. तिचे वर्ग कसले घेता?' असे आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ मला नेहमी म्हणत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हे. परंतु घरी सोज्ज्वळ असलेला मनुष्य कचेरीच्या खुर्चीवर बसला म्हणजे निराळा का वागतो, या प्रश्नाचे उत्तर आईच्या मांडीपाशी सापडत नाही.

सीमेन्स या जर्मन कंपनीचेच उदाहरण घ्या. ही पेढी १८४७ साली बर्लिन येथे निघाली. लंडनपासून कलकत्त्यापर्यंतची तार १८७० साली सुरू झाली, ती याच घराण्याच्या उद्योगाने. कळव्याचा त्यांचा कारखाना तर ठाण्याकडील मंडळींच्या परिचयाचा आहे. अशा नामांकित कंपनीच्या म्युनिक येथील कचेऱ्यांवर १५ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांचे छापे पडले. चौकशीत जे बाहेर आले ते वाचून मी थक्क झालो. परदेशांतील कंत्राटे मिळविण्यासाठी लाच देण्याची रीतसर व्यवस्थाच तेथे उभी होती. रोकड देण्याच्या खिडक्या होत्या; नोकराने रिकामी पेटी न्यावी आणि भरून आणावी. मंजुरीच्या कागदावर सही करावयाची ती चिकटवून पुन्हा काढता येईल अशा चिठोऱ्यावर, म्हणजे मागाहून सही कोणाची हे कळू नये! २००८ च्या डिसेंबरापर्यंत अमेरिका आणि जर्मनी मिळून कंपनीला एकंदर सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले.

मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. हा पैसा हाताळणाऱ्या एका व्यवस्थापकाला म्युनिकच्या न्यायालयाने २००८ साली शिक्षा दिली. आपण हे स्वतःच्या खिशासाठी केले नाही, कंपनीचा धंदा आणि लोकांच्या नोकऱ्या टिकाव्यात म्हणून केले, अशी त्याची समजूत होती. परदेशी अधिकाऱ्यास दिलेली लाच १९९९ पर्यंत जर्मनीत करातून वजासुद्धा मिळत असे. कायदा बदलला, परंतु कचेरीची सवय बदलली नाही. नियम कागदावर होते. शेजारच्या टेबलावर काय चालते हे पाहून माणसे वागत होती.

पुढे २००७ साली पेटर लोशर या बाहेरच्या गृहस्थास प्रथमच कंपनीच्या मुख्य स्थानी आणले गेले. वरिष्ठांपैकी बहुतेक बदलले. जे नोकर ठरावीक मुदतीत खरे सांगतील त्यांना कामावरून न काढण्याचे अभय दिले गेले. शंभरावर माणसे पुढे आली. मग लाखाहून अधिक नोकरांना प्रशिक्षण मिळाले. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वर्ग अगोदर आणि वरच्यांची झाडाझडती मागाहून असे झाले असते तर त्या वर्गांत कोणी डोके वर काढले असते असे मला वाटत नाही. आपल्या गुहागर तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प काढणाऱ्या एन्रॉनने २००० साली चौसष्ट पानांची नीतिपुस्तिका नोकरांच्या हाती दिली होती. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. पुस्तिका सुबक छापलेली होती म्हणतात.

आमच्या कारखान्यातही आरंभी असेच झाले. संगणकावर वीस प्रश्न, प्रत्येकी चार उत्तरे, शेवटी प्रमाणपत्र. आठवडाभरात बरोबर उत्तरांचा कागद सर्व खात्यांतून फिरला आणि सारा कारखाना नीतिमान ठरला! मग मी वर्गच घेऊ लागलो. पहिल्याच वर्गात भांडारातील एक जुने कारकून उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "साहेब, दिवाळीला ठेकेदाराकडून मोठ्या साहेबांच्या घरी ज्या पेट्या जातात, त्या कोणत्या कलमात बसतात?" वर्ग हसला. मीही हसलो. घरी गेलो तो कपाटात मागल्या दिवाळीची एक चांदीची वाटी होती. सौभाग्यवतींनी ती पुसून नीट ठेवलेली. ठेकेदार चांगला गृहस्थ होता, त्याचे माझ्याकडे काही काम अडलेलेही नव्हते. तरी ती वाटी दुसऱ्या दिवशी मी पावती घेऊन परत केली आणि पुढच्या वर्गात ती पावती सर्वांसमोर ठेवली. त्यानंतर लोक बोलू लागले. अपघात वहीत न नोंदता जखमी मजुराला परस्पर खासगी डॉक्टरकडे कसे नेतात, तीन दरपत्रके एकाच टंकयंत्रावर कशी तयार होतात, हे मला त्या वर्गांत कळले. शिकविणारा मी होतो असे म्हणणे अवघड आहे.

कायद्यांविषयी फार बोलत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात दंडक घालून दिले, त्यावर २०१३ साली कायदा झाला. लाच देणारी कंपनीही २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हेगार ठरू शकते. आपण नोकरांना आवरण्याची पुरेशी व्यवस्था केली होती हे दाखविता आले तरच तिचा बचाव होतो. तेव्हा प्रशिक्षण हे आता कंपन्यांच्या गरजेचेही झाले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी येथे उभा राहिलो ती सांगतो. १९९६ साली आपल्यापैकीच एक बंधू मुलाचा अर्ज आणि या संस्थेचे शिफारसपत्र घेऊन माझ्याकडे आले. आपल्या माणसाने आपल्या माणसाला हात द्यावा, यात मला तेव्हा काही वावगे वाटले नाही. मी खोटे काही केले नाही. अर्ज गठ्ठ्यातून काढून वर ठेवला, मुलाखत घेणाऱ्यांपाशी एक शब्द टाकला. मुलगा नेमला गेला आणि पुढे उत्तम काम करू लागला.

चौदा वर्षांनी वर्गात मी विचारले, 'अन्याय झाला असे कोणाला कधी वाटले?' एक पर्यवेक्षक सांगू लागले: १९९६ च्या भरतीत परीक्षेत त्यांचा क्रमांक वर होता, जागा मात्र 'आतल्या कोणाच्या तरी माणसाला' गेली. पुढे पाच वर्षे त्यांनी ठेकेदाराकडे निम्म्या पगारावर त्याच यंत्रावर काम केले. त्या मुदतीत वडिलांचे औषधपाणी नीट झाले नाही. हे ते रागाने सांगत नव्हते. मी फळ्याकडे तोंड करून काही तरी लिहीत राहिलो.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना बोलावून सर्व सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, तुमची चिठ्ठी नसती तर दुसऱ्या कोणाची तरी असती." ते उदारपणे बोलले, मला मात्र ते वाक्य अजून पचलेले नाही.

आपली संस्था गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, वसतिगृह चालविते. त्याचा मला अभिमान आहे आणि मी स्वतः त्या वसतिगृहात राहूनच शिकलो. जाहिराती वेळेवर मुलांपर्यंत पोचविणे, अर्ज लिहिण्यास शिकविणे, मुलाखतीचा सराव करून घेणे, हे सारे संस्थेने अवश्य करावे. पण कारखान्यांतील व कचेऱ्यांतील ज्ञातिबंधूंच्या नावे शिफारसपत्रे देण्याची प्रथा बंद करावी, असा ठराव मी लिहून आणला आहे. काही सभासदांस तो रुचणार नाही, हे मी जाणतो. 'इतर संस्था देतात, मग आपणच का मागे राहावे?' असे काल एकांनी मला विचारलेही. त्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही. फक्त त्या पर्यवेक्षकांची गोष्ट सांगितली. ठरावाची प्रत अध्यक्षांच्या हाती देत आहे. तिच्यासोबत १९९६ चे ते शिफारसपत्रही आहे. त्यावर संस्थेचा शिक्का आहे आणि समासात, अर्ज वर घ्यावा, असा माझ्या हातचा शेरा आहे.