तळ्याची विद्या कोणाची?

ढिवर, कोहळी व इतर कष्टकरी बंधुभगिनींनो,

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या मुलखांतील हजारों तळीं तुमच्याआमच्या वाडवडिलांच्या घामाचीं आहेत. कोहळ्यांनीं पाळी बांधल्या, ढिवरांनीं पाण्यांतला जीव राखिला. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली व तळीं सरकारजमा झालीं. पण तळ्याची विद्या सरकारजमा झाली नाहीं. ती अजून ढिवराच्या घरांत आहे. तीस अडाणीपणा म्हणणें हाच खरा अडाणीपणा होय!

ही विद्या काय सांगते? मरळीचें जोडपें पिलांचा थवा राखीत फिरतें. तेव्हां तें मारलें तर पिलें इतरांच्या पोटांत जातात. पहिल्या पावसांत मासे चढणीस लागतात ते अंडीं घालण्यासाठीं. सबब त्यांची वाट जाळ्यानें अडवूं नये. तळ्यांतलें गवत म्हणजे माशांचें माहेर. बाळंतपण तेथेंच व्हावयाचें.

रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. साठल्या पाण्यांत ते सहसा वाढतात, पण वीत नाहींत. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओडिशांत सुई टोचून अशा माशांची पैदास करून दाखविली. त्या विद्येस आमचा नमस्कार असो. मात्र तें बीज दरसाल विकत आणावें लागतें. मरळ, मागूर, शिंगी यांचें बीज तळें फुकट देतें. घरचें बियाणें मोडणारा कुणबी दुकानदाराच्या दारीं कसा बसतो, हें आपण शेतांत पाहिलें नाहीं काय? तेंच आतां पाण्यांत होत आहे. शिवाय गवत्या मासा सोडला कीं तो पाणगवत खाऊन माहेरच मोडतो, आणि काठावर बेशरम माजते.

रोहू सोडूंच नका, असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्याच्यापायीं घरचा मासा घालवूं नका. अर्जुनी-मोरगांवकडे ढिवर आयाबहिणींनीं व बांधवांनीं बेशरम उपटून तळ्यांत देशी पाणवनस्पति लाविल्या, तेव्हां देशी मासे परत येऊं लागले. हें कोणा परक्यानें नव्हे, आपल्याच हातांनीं केलें.

तर बांधवांनो, सोसायटीच्या सभेंत तीन ठराव करा. विणीच्या दिवसांत चढणीचा मासा मारूं नये. गवत्या मासा तळ्यांत सोडूं नये. आणि म्हाताऱ्यांना ठाऊक असलेलीं माशांचीं व गवतांचीं नांवें शाळेंत जाणाऱ्या मुलांकडून वहींत उतरून घ्यावीं. म्हातारे गेल्यावर तीं कोणास विचारणार?