वहींतील चार घरें

परळीहून विकाराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अंबाजोगाई तालुक्यांत, घाटनांदूर नांवाचें स्थानक आहे. मी त्याच गांवचा. संगणकाच्या अगदीं आंतल्या भागांतील एका दोषाविषयीं बोलावयास आलेला मनुष्य प्रथम आपल्या गांवाचें नांव कां घेतो, असें आपणांस वाटेल. कारण असें कीं, हा दोष मला जेव्हां नीट उमगला तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें संगणक नव्हता. गांवांत माझ्या मामांचें आडत दुकान आहे, तेथील लाल कापडाच्या बांधणीची जुनी खातेवही होती.

संगणकांत सर्व यंत्रावर सत्ता चालविणारी जी मूळ आज्ञावली असते तिला कर्नेल म्हणतात. स्मृतीचा कोणता भाग कोणीं वापरावा हें तीच ठरविते. आपण लिहितों तें पत्र, पाहतों तें चित्र, हे सारे तिचे पाहुणे. किल्ल्यांचा जुडगा मात्र तिच्या कमरेला. आतां दूरच्या संगणकाकडून तारेवरून वा हवेंतून येणारे निरोप स्वीकारण्याचें कामहि पुष्कळदां याच कर्नेलकडे असतें. म्हणजे दारांतल्या अनोळखी माणसाशीं बोलणारा आणि घराच्या किल्ल्या बाळगणारा हे दोघे एकच झाले. तेथें चूक झाली तर एखादी खोली बिघडून भागत नाहीं, सारें घर परक्याच्या हातीं जातें.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या प्रणालींत, एका संगणकावरील फाइली दुसऱ्यास देण्याघेण्याचें काम करणारा असा एक भाग कर्नेलमध्यें आहे. त्याच्याकडे निरोपाबरोबर एक यादी येते आणि यादी केवढी तें सांगणारा आंकडा येतो. येथें वहीकडे वळूं. समजा, गाडीवानानें १०,००० पोतीं आणल्याचें सांगितलें. मुनीमानें वहीच्या पांच घरांत तो आंकडा मांडला. मोजतां मोजतां शेवटचीं २५ पोतीं फाटकीं निघालीं. तीं वगळून उरलीं ९,९७५. मुनीमानें वखारींत तेवढीच जागा राखली आणि वहींतला आंकडा दुरुस्त करावयास घेतला. पण त्याचा हात जुन्या संवयीचा. चारच घरें खोडून लिहिण्याचा. त्यानें शेवटच्या चार घरांत ९,९७५ लिहिलें आणि पांचव्या घरांतला १ तसाच राहिला. वही आतां म्हणूं लागली, १९,९७५! हमाल बिचारा वही पाहूनच माल उतरवितो. जागा भरली तरी तो थांबत नाहीं. शेजारच्या व्यापाऱ्याच्या वखारींत, त्याच्या गल्ल्यावर, त्याच्या वह्यांवर पोतीं पडत राहतात.

विंडोजमध्यें घडलें तें अक्षरशः हेंच. आंकडा ३२ द्विअंकांच्या जागेंत ठेवलेला, आणि दुरुस्त करतांना त्यांतील खालचे १६ च लिहिले जात. ६५,५३६ हा आंकडा कमी होऊन ६५,३७३ व्हावयाचा, तो १,३०,९०९ होई. यापुढें शेजारच्या स्मृतींत काय पडावें हें निरोप धाडणारा परका ठरवूं शके. पोत्यांत धान्याऐवजीं स्वतःच्या आज्ञा भरून पाठविल्या कीं कर्नेल त्या आपल्याच समजून पाळी.

दुरुस्ती केवढी? चाराऐवजीं पांच घरें लिहावयाचीं, एवढीच. मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजीं ती प्रसिद्ध केली. बरोबर महिन्यानें, १४ एप्रिलला, या दोषाचा फायदा घेणारें हत्यार 'शॅडो ब्रोकर्स' या टोळीनें जगापुढें उघडें टाकलें. तें अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेलें होतें. १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' नांवाच्या आज्ञावलीनें त्याच्या जोरावर देशोदेशींचे संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडांत रुग्णालयांना रोगी परत पाठवावे लागले. आणि २७ जून रोजीं 'नॉटपेट्या' आली. ती खंडणी मागण्याचें सोंग करी, पण पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोयच तिच्यांत नव्हती.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचें जाळें तिनें ग्रासलें, आणि मर्स्कच्या समूहाकडून चालविला जाणारा गेटवे टर्मिनल्स इंडिया हा आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील धक्का ठप्प झाला. कोणता कंटेनर कोठें आहे, कोणत्या जहाजावर चढावयाचा आहे, हें संगणकालाच ठाऊक. तो मुका होतांच माणसें कागद-पेन्सिल घेऊन धक्क्यावर उतरलीं. ट्रकांची दाटी होईल म्हणून त्यांना उभें करावयास जागा काढून द्यावी लागली. मराठवाड्याचा माल समुद्रापार जावयाचा तर त्याची वाट बहुधा याच बंदरावरून जाते, हें घाटनांदूरच्या माणसाला निराळें सांगावें लागत नाहीं. मर्स्कनें पुढें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे केल्याचें कंपनीच्या अध्यक्षांनींच जानेवारी २०१८ मध्यें सांगितलें.

एक गोष्ट मात्र न्यायानें सांगितली पाहिजे. नॉटपेट्या केवळ या दोषावर विसंबून नव्हती. एका संगणकांत शिरली कीं तेथील परवलीचे शब्द चोरून ती शेजारच्या दुरुस्त संगणकांतहि जाई. म्हणून ज्यानें आपलें दार नीट लावलें तोहि शेजाऱ्याच्या आळसापायीं बुडाला.

ही हकीकत मीं त्याच पावसाळ्यांत मामांना सांगितली. वह्या बंद करून त्यांनीं तेव्हां नुकताच संगणक घेतला होता. पोत्यांचा दाखला ऐकून ते म्हणाले, "अरे, मग मुनीम बदलला, का वही बदलली, का नुसता आंकडाच खोडला?"

इतका नेमका प्रश्न मला कोणा अभियंत्यानेंहि विचारलेला नाहीं. आंकडा खोडणें ही पहिली पायरी. वही बदलणें म्हणजे चुकीला जागाच न ठेवणें. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीच्या कर्नेलमध्यें, जाळ्यांतील निरोपांची चाळणी करणाऱ्या भागांत, २००६ पासून एक दोष दडून होता. नियमांची यादी मांडतांना मधल्या रिकाम्या जागीं शून्यें भरलीं जात, आणि यादीच्या शेवटीं तीं राखलेल्या जागेबाहेर जाऊन पडत. अवघीं कांहीं शून्यें! पण अँडी न्गुएन या संशोधकानें तेवढ्यांतूनहि सारा संगणक ताब्यांत घेतां येतो हें २०२१ मध्यें दाखविलें. दुरुस्ती करणारांनीं तेथें नवा पहारेकरी बसविला नाहीं. सारी जागा आधींच शून्यांनीं पुसून घेतली आणि मागाहून शून्यें भरणाऱ्या ओळी काढून टाकल्या. मला ही दुरुस्ती फार आवडते. ओळ उरली नाहीं, तेव्हां ती चुकणारहि नाहीं.

आणि मुनीम बदलणें? हीं कर्नेलें मुख्यतः सी या भाषेंत लिहिलेलीं आहेत. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ती घडविली. ती चपळ आहे, पण पोतें राखलेल्या जागेंत पडतें कीं बाहेर, हें ती स्वतः पाहत नाहीं. लिहिणाराच्या सावधपणावर सोडते. मायक्रोसॉफ्टच्याच माणसांनीं २०१९ मध्यें सांगितलें कीं, त्यांच्या प्रणालींत दरसाल दुरुस्त होणाऱ्या सुरक्षादोषांपैकीं सुमारें ७० टक्के या स्मृतीच्या गोंधळाचे असतात. रस्ट ही नवी भाषा असल्या बहुतेक चुका आधींच अडविते. डिसेंबर २०२२ मध्यें लिनक्सनें तिला दारांत घेतलें, आणि मार्च २०२४ च्या आवृत्तींत जाळ्याच्या तारेशीं बोलणारा एक लहानसा भाग तिच्यांत लिहिलेला आला. पण मागच्या लक्षावधि ओळी सींतच आहेत. चालत्या पेढीवरचा जुना मुनीम एका दिवसांत काढतां येत नाहीं. त्याच्या हातचीं खातीं इतर कोणाला लागतहि नाहींत.

मामांनीं माझी हकीकत ऐकून घेतली आणि चष्मा पुसला. त्यांच्या संगणकाच्या कोपऱ्यांत दुरुस्ती बसविण्याची सूचना कित्येक दिवसांपासून येत होती, आणि ते रोज 'नंतर' या शब्दावर बोट ठेवीत होते. गिऱ्हाइकें उभीं असतां यंत्र बंद कोण करील, हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. मार्चमधली ती दुरुस्तीहि त्याच रांगेंत पडून होती. त्या रात्रीं दुकानाचें शटर ओढतांना त्यांनीं दिवे मालविले, संगणक मात्र चालू ठेवला.