बियाण्याला हात लावू नका

धंदा कोणता काढावा, कर्ज कुठं मिळतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला एकच सांगायचंय: दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा.

नवी मुंबईतल्या कामोठ्यात पोळी-भाजी केंद्रावर, शिलाईच्या दुकानात, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे, सगळीकडे क्यूआर कोड लावलेला असतो. तो पुष्कळदा जोडलेला असतो मालकाच्या घरगुती बचत खात्याला. त्यातूनच फ्लॅटचा हप्ता जातो, मुलांची फी जाते. मग पिठाचं-तेलाचं बिल आलं की म्हणायचं, ‘गिऱ्हाईक तर भरपूर आहे, पैसा जातो कुठं?’

अहो, सिडकोनं शहर वसवण्याआधी इथं भातशेती होती. बियाण्याचं भात घरात वेगळं ठेवायचे. लग्न निघो, पाहुणे येवोत, त्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात पेरायला तेच लागणार! खेळतं भांडवल म्हणजे हेच बियाणं. समजा, दिवसाची विक्री 4,000 रुपये झाली. ती सगळी कमाई नव्हे. त्यात उद्याचं पीठ आहे, गॅस आहे, गाळ्याचं भाडं आहे, झिजणाऱ्या मिक्सरचा घसारा आहे. हे सगळं काढून उरेल ते खायचं भात. आणि बियाण्याला उंदीर लागतात तशी धंद्याला उधारी लागते. रोज बघावं लागतं.

‘लिज्जत’चं उदाहरण घ्या. 15 मार्च 1959 ला गिरगावात 7 जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी 4 पाकिटं झाली. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांचा आग्रह होता की हिशेब चोख ठेवायचा, अगदी व्यापाऱ्यासारखा. पाकिटं चारच असताना हिशेब धरला, हे लक्षात घ्या. ‘धंदा वाढला की वही उघडू’ असं म्हणू नका.

‘मग घर कशावर चालवायचं?’ स्वतःला पगार लावा. ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला. मधे गल्ल्यात हात घालायचा नाही, नवऱ्यानं नाही, मुलानंही नाही. पुन्हा सांगते, मालकालाही पगारच.

एवढं मात्र कराच: दुकानाच्या नावानं चालू खातं उघडा आणि क्यूआर कोड त्याला जोडा. उद्याच.