तुळस, सबजा आणि पाच मिनिटांची भाजी

(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाने घेतलेल्या ‘आमच्या घरचा एक पदार्थ’ या कार्यक्रमातील भाषण. काही जणांनी कृती लिहून मागितली, म्हणून पूर्ण मजकूर देत आहोत.)



माझ्या आधीच्या तायांनी पाटवडीचा रस्सा सांगितला, गोळाभात सांगितला. त्यानंतर मी उठून थायलंडची भाजी सांगणार म्हटल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. बाप्पा, हे काय नवीन! पण थोडं ऐकून घ्या. या भाजीपायी आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. ज्यांच्याशी अबोला होता त्या माझ्या सासूबाई आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी मुलगा आणि सूनबाई बँकॉकला फिरून आले. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर एक भाजी मिळते म्हणे. लसूण-मिरची ठेचून तेलात टाकायची, त्यात खिमा परतायचा, वरून मूठभर पानं. ती गरम भातावर घालायची आणि सोबत कडेने कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. नाव पाड क्रापाव. आपल्याकडे वरण-भात तसं तिथे ते. काय खावं सुचलं नाही की माणूस हेच मागतो. सूनबाईला चटक लागली. ती म्हणाली, “आई, ही पानं म्हणजे आपली तुळसच आहे.”

मला खरं वाटेना. मी शाळेत पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून पुस्तक काढून बघितलं. सूनबाई बरोबर होती. थाई लोक ज्याला क्रापाव म्हणतात ती वनस्पती आणि आपल्या वृंदावनातली तुळस एकाच जातीची. शास्त्रीय नाव ओसिमम टेन्युइफ्लोरम. जुनं नाव ओसिमम सँक्टम, आणि सँक्टम म्हणजे पवित्र. नाव ठेवणाऱ्यालाही आपली श्रद्धा ठाऊक असावी. वाण मात्र वेगळं. तिकडची तुळस जिभेला जास्त चरचरते.

तेव्हा मी जे केलं ते करायला नको होतं. एका संध्याकाळी सासूबाई खाली कट्ट्यावर गेल्या होत्या. मी गॅलरीतल्या कुंडीतून वीस-पंचवीस पानं खुडली. दिवेलागण झालेली, आणि आमच्या घरी सूर्यास्तानंतर तुळशीला हात लावत नाहीत. ती पानं लसणाच्या फोडणीत टाकली. सूनबाई खूश, मुलगा खूश. सासूबाई वर आल्या, दारातच थांबल्या, एकदा श्वास घेतला आणि आपल्या खोलीत गेल्या. भूक नाही म्हणाल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तुळशीला पाणी घालायला आल्या नाहीत. मी या घरात आले तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. मीच घातलं पाणी, पण हात जड झाला होता.

मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि चुकलं म्हणाले. सूनबाईनेही धीर करून विचारलं, “आजी, आपण काढ्यात तुळस उकळतोच ना? चहात टाकतो. मग भाजीत काय झालं?” प्रश्न चोख होता. मलाही उत्तर सुचलं नव्हतं. सासूबाईंनी दिलं. “काढा औषध हाये. औषधाले देव बी माफ करते. लसणाच्या फोडणीत टाकणं म्हणजे जिभेचे चोचले. अन् खुडली ते बी सांजच्याला, मले न सांगता.” थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “मले इचारलं असतं त सांगितलं असतं ना बाई. सबजा लाव. आमच्या भंडाऱ्याकडे विहिरीजवळ रानावानी उगवे. वास तसाच, अन् त्याले कोणी पूजत नाही.”

आता बघा, सगळं शिक्षण माझं आणि उत्तर चौथी शिकलेल्या बाईंकडे. फालुद्यात, सरबतात जे काळे दाणे भिजवून घालतो ते सबजाचं बी. झाड ओसिमम बॅसिलिकम. आणि गंमत अशी की थाई स्वयंपाकात तुळशीच्या कुळातली तीन पानं चालतात. क्रापाव म्हणजे तुळस. होराफा म्हणजे आपल्या सबजाचाच भाऊबंद, त्याला बडीशेपेसारखा वास. तिसरी मेंगलक, तिला लिंबाचा वास. होराफा घालूनही हीच भाजी करतात. परदेशातल्या कित्येक थाई हॉटेलांत क्रापाव मिळत नाही म्हणून होराफाच घालतात. म्हणजे सासूबाईंनी काढलेला मार्ग थोडीफार थाई लोकांचीही सोय होती.

शिवाय, थायलंड आपल्याला अगदीच परकं नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर तिकडचे भिक्खू येतात, ते आपण बघतोच. आणि तिखटाचं म्हणाल तर मिरची त्यांचीही नाही आणि आपलीही नाही. दोघांकडेही ती अमेरिका खंडातून आली. तरी आपण भिवापुरी मिरचीचा अभिमान बाळगतो, ते त्यांच्या बोटभर मिरचीचा बाळगतात.

आता कृती. वह्या काढा. दोन माणसांचं प्रमाण सांगते.

सोयाबीनच्या वड्या पाऊण वाटी. गरम पाण्यात भिजवायच्या, घट्ट पिळायच्या आणि बारीक चिरायच्या. विदर्भात सोयाबीन पिकतं ढीगभर, पण आपण खातो कमी. खाणाऱ्यांनी २०० ग्रॅम चिकनचा खिमा घ्यावा. बरबटीच्या कोवळ्या शेंगा मूठभर, बारीक चिरून. थाई लोकही या भाजीत अशा शेंगा घालतात. लसणाच्या सात-आठ पाकळ्या आणि तीन-चार मिरच्या. या मिक्सरमध्ये फिरवू नका, खलबत्त्यात जाडसर ठेचा. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते, पाणी सुटतं आणि मग ती तेलात तळली न जाता शिजते. फल्ली तेल दोन मोठे चमचे. एका वाटीत सोया सॉस दीड मोठा चमचा, साखर एक लहान चमचा आणि पाणी दोन मोठे चमचे एकत्र करून ठेवा. थाई लोक यात मासळी मिठात मुरवून काढलेलं पाणी घालतात. आमच्या घरी ते चालत नाही. आणि सबजाची पानं, दांडे काढून, दाबून भरलेली एक वाटी. धुतल्यावर फडक्यावर पूर्ण कोरडी करा.

सगळं हाताशी ठेवा. भातही आधीच तयार पाहिजे, कारण एकदा गॅस पेटवला की चिरत बसायला वेळ नाही.

लोखंडी कढई मोठ्या आचेवर चांगली तापू द्या. तेल घाला, ठेचा टाका आणि सराट्याने हलवत राहा. अर्ध्या मिनिटात खमंग वास येतो. लसूण काळा होऊ देऊ नका, कडू होतो. मग वड्या किंवा खिमा. वड्या दोन मिनिटं परतायच्या, खिमा पूर्ण शिजेपर्यंत. मग बरबटी, एक मिनिट. मग वाटीतला सॉस कढईच्या कडेने सोडा, आणखी अर्धा मिनिट. मीठ चाखूनच घाला, सॉस खारट असतो. आता गॅस बंद करा, पानं टाका आणि दोनदा उलटंपालटं करा. बस. पानं गरमीनेच कोमेजतात. आचेवर ठेवली तर काळी पडतात आणि वास उडून जातो, मग एवढा खटाटोप कशाला?

एक चूक सगळे करतात, मीही केली. चार माणसांचं एकदम करायला जाऊ नका. हॉटेलच्या भट्टीची आच आपल्या घरच्या शेगडीला नाही. कढईत गर्दी झाली की पाणी सुटतं, परतणं राहतं बाजूला आणि भाजी उकडते. चौघांसाठी दोनदा करा. पाच-सहा मिनिटांचं तर काम आहे.

दुसरी सूचना शेजारधर्माची. मिरचीचा ठेचा तापल्या तेलात पडला की असा ठसका उठतो की पहिल्या दिवशी आमच्या वरच्या मजल्यावरून फोन आला होता. पंखा लावा, खिडकी उघडा आणि पॅसेजकडचं दार बंद ठेवा. सचिव साहेब, यावर परिपत्रक काढू नका, मी तोंडी सांगितलंय सगळ्यांना.

भात कोणता? तिकडे सुवासिक तांदूळ वापरतात. मी आपला एचएमटी वापरते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या ओळखल्या आणि त्या वेगळ्या जपून हे वाण तयार केलं. घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी नाव पडलं. २०१८ साली दादाजी गेले. असा तांदूळ हाताशी असताना बाहेरचा कशाला शोधायचा?

शेवटचं सबजाबद्दल. किराणा दुकानातलं चमचाभर बी ओल्या मातीवर भुरभुरलं तरी रोपं येतात. कोवळा शेंडा पाण्याच्या ग्लासात ठेवला तर त्याला मुळं फुटतात. तुरे आले की खुडत राहा, नाहीतर झाड बी धरतं आणि पानं थांबतात. आपल्या मे महिन्यात हिरवी जाळी बांधा आणि दोन वेळा पाणी द्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ मी बारा कुंड्या लावल्या आहेत. ज्याला पाहिजे त्याने पानं न्यावीत, मला विचारायची गरज नाही.

तुळशीची कुंडी मात्र जिथे होती तिथेच आहे. रोज सकाळी तिला सासूबाई पाणी घालतात. ही भाजी त्या खात नाहीत, वड्या दाताला चिवट लागतात म्हणतात. पण भाजी व्हायच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात येतात, वास घेतात आणि विचारतात, “सबजाच हाये ना वं?”

मी हो म्हणते. आता खरंच हो म्हणता येतं, याचं मला बरं वाटतं.

भांडं मागच्या टेबलावर ठेवलं आहे. चव घ्या, आणि रिकामं करूनच परत द्या.