चरबी, भूक आणि आपली मुलं
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आम्ही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी प्रयोगशाळेत रक्त तपासणारी माणसं आम्ही. पण खिडकीशी रिपोर्ट घ्यायला आलेले आई-वडील काय बोलतात, ते आम्हाला ऐकू येतं. "याचा तोंडावर ताबाच नाही हो!" आणि तो मुलगा शेजारीच मान खाली घालून उभा असतो. आज त्याच्या बाजूने चार शब्द बोलायचे आहेत.

चरबी म्हणजे कोठारात भरून ठेवलेलं धान्य, नुसता साठा, असं आपण समजतो. 1994 साली ही समजूत मोडली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांमधला एक बिघडलेला जीन शोधला. या जीनमुळे चरबीच्या पेशी एक प्रोटीन बनवतात. ते रक्तातून मेंदूकडे जातं आणि 'साठा पुरेसा आहे' असा निरोप देतं. त्याचं नाव लेप्टिन. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे बारीक.

1997 मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातल्या दोन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन 86 किलो, दोन वर्षांच्या मुलाचं 29 किलो. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढे त्या मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा भूक आटोक्यात आली आणि वर्षभरात सुमारे 16 किलो वजन उतरलं. म्हणजे मुलगी हावरट नव्हती. मेंदूला निरोपच पोचत नव्हता.

हा आजार अत्यंत दुर्मिळ. आपल्या आसपासच्या बहुतेक लठ्ठ मुलांत प्रकार उलटा असतो. लेप्टिन भरपूर, पण मेंदू दाद देत नाही. रात्रंदिवस लाउडस्पीकर वाजत राहिला की माणूस ऐकेनासा होतो, तसं काहीसं. म्हणून लेप्टिनचं इंजेक्शन इथे उपयोगी पडत नाही.

दुसरं प्रोटीन अॅडिपोनेक्टिन. ते इन्सुलिनला मदत करतं. गंमत अशी की तेही चरबीतूनच येतं, पण चरबी वाढली की कमी होतं. शिवाय फुगलेल्या चरबीतून सूज वाढवणारी प्रोटीनंही निघतात. पुढे शुगर आणि यकृताच्या तक्रारी येतात, त्याचं एक मूळ इथे आहे.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचं 2004 सालचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय 22.3; पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. पुण्याची नवजात बाळंही वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. तेव्हा 'आमचा तर काडी पैलवान' म्हणून निश्चिंत राहू नये. पोटाच्या घेरावर लक्ष असू द्यावं.

मग करायचं काय? लेप्टिनची टेस्ट करायला धावू नका, जाहिरातीतली पावडर आणू नका. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नका. पुष्कळदा वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली, तरी काम होतं. पोहे-जलेबी इंदूरकराकडून सुटणार नाही. पण ती रविवारी, रोज नको. रोज तासभर मैदान, वेळेवर झोप, आणि नियम एकट्या मुलाला नाही, साऱ्या घराला. बाळ अगदी लहानपणापासून झपाट्याने फुगत असेल आणि भूक शमतच नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटची विनंती मंडळाला. आपल्या बालनाट्यात गुबगुबीत मुलाला दरवर्षी भीम नाहीतर बकासुर करतो आणि सगळे हसतो. यंदा त्याला कृष्ण करून बघू या. 'जाड्या' म्हणून कोणाची चरबी उतरत नाही. तो मुलगा मैदानावर यायचा मात्र थांबतो.

बाप्पा आपल्या सर्व लेकरांना निरोगी ठेवो. गणपती बाप्पा मोरया!