एका सेकंदाचा हिशेब

मागच्या रांगेत मोबाइल उंचावून बसलेले पालक आणि आज खगोलशास्त्र व अवकाश अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

लोणावळ्यात कसलं खगोलशास्त्र शिकता, तिथे चार महिने आभाळच दिसत नाही, असं म्हणणारे तुम्हाला भेटले असतीलच. त्यांचं अगदीच चूक नाही. पावसाळ्यात इथे समोरचा डोंगर दिसायची मारामार, तिथे तारे कुठले! पण मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ढग आडवे येत नाहीत. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आणि आसपासच्या शिवारात त्या लहरी टिपणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. भर श्रावणातही त्यांचं काम चालू असतं.

या तबकड्यांनी ऐकलेली एक गोष्ट सांगतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ट्रान्समीटर बेताचा, पृथ्वीपर्यंत पोचायला केलेलाच नव्हता. तरी त्याचा क्षीण संकेत कोट्यवधी किलोमीटरवरून खोडदला पकडला गेला. पॅराशूट उघडलं तरी संकेत येत होता. यान जमिनीला टेकायच्या थोडं आधी तो थांबला, तो कायमचाच.

चौकशीत जे निघालं ते तुम्ही नीट ऐका. पॅराशूट उघडताना यानाला अंदाजापेक्षा जोराचे हिसके बसले. यान किती वेगाने गरगरतंय हे मोजणारं उपकरण आपल्या कमाल मर्यादेला जाऊन भिडलं आणि साधारण एक सेकंद तोच आकडा दाखवत राहिलं. संगणकाने तो आकडा खरा धरून उंचीचा हिशेब मांडला. उत्तर ऋण आलं, म्हणजे यान जमिनीच्या खाली! मग त्याने इमानेइतबारे पॅराशूट सोडून दिलं, थ्रस्टर जेमतेम तीन सेकंद चालवले आणि उतरल्यानंतरची कामं सुरू केली. यान तेव्हा सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर होतं.

आकाशात लोंबकळणाऱ्या वस्तूची उंची ऋण येत नाही, हे चौथीतली पोरगीही सांगेल. पण त्या आकड्यावर शंका घ्यायची पुरेशी सोय कोणी ठेवली नव्हती. आकडा कुठल्या यंत्रातून आला, ते यंत्र कधी अडकतं, कधी थाप मारतं, हे ठाऊक असलेला माणूस हिशेबाच्या टेबलावर बसलेला असावा लागतो. तुमच्या विभागाने दुर्बिणीमागचं गणित आणि दुर्बिणीचे नटबोल्ट एकाच विद्यार्थ्याला शिकवायचं ठरवलं, ते मला यासाठीच पटतं. आपल्याकडे अजूनही शास्त्रज्ञ वरचा आणि वर्कशॉपवाला खालचा, अशी एक चोरटी जातव्यवस्था आहे. ती मोडायचं काम तुमच्याकडे आहे.

खोडदची दुर्बीण त्या व्यवस्थेत उभीच राहिली नसती. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९६०च्या दशकात कल्याणला, ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या तबकड्यांपासून सुरुवात केली. १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली, मग खोडद. ४५ मीटरची तबकडी पोलादी पत्र्याची केली तर वजन आणि वारा दोन्ही खिशाबाहेर जातात. म्हणून त्यांनी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी दोरांवर ताणून बसवली. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. वारा त्यातून निघून जातो. रेडिओ लहर त्या भोकांच्या मानाने इतकी लांब, की तिला जाळी सलग आरशासारखीच वाटते. हे खगोलशास्त्र म्हणायचं की स्थापत्य, ते मला विचारू नका.

आणि डोकं व हात असे एकत्र चालवणं आपल्या या मावळाला नवं नाही. इथून जवळच, तळेगाव दाभाड्याला, १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी, की माणशी एकेक पैसा जमवून देशी उद्योग उभारायचा. टिळकांनी ती उचलून धरली. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय काच करायला आले. तिथे माल निघाला, आणि भट्टीपुढे उभं राहून शिकलेले कारागीरही निघाले. माझ्या मते कारखान्याची खरी कमाई ही दुसरी.

तुम्हालाही शिकायला अशा भट्ट्यांची वाण नाही. भारताच्या आदित्य-एल१ यानावरची, सूर्याचा अतिनील प्रकाश टिपणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. अतिनील प्रकाश पातळशा तेलकट थरातही अडकतो, म्हणून बोटाचा ठसासुद्धा तिथे गुन्हा. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. तिचे दोन बाहू प्रत्येकी ४ किलोमीटरचे, आणि केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले आहेत. निर्वात नळ्या, लेसर, आरसे, कंपनं रोखणारे टांगणे, यातलं काय तुम्हाला येतं? पालकांनो, पॅकेज किती हे विचाराच, तो तुमचा हक्क आहे. पण हिंगोली लांब पडतं म्हणून मुलीला अडवू नका.

शेवटी एक काम सांगतो. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या, सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. खेड्यापाड्यातली शाळकरी मुलं आपापले प्रयोग मांडून उभी असतात. तुम्ही जा, आणि सेल्फी काढून परतू नका. एकेका टेबलापुढे थांबा आणि मुलांना विचारा, ‘हा आकडा आला कुठून?’