ठाऊक असलेलें उत्तर

आरंभींच एक कोडें घालतों. एका रोग्याच्या पोटांत गांठ झाली आहे; शस्त्रक्रिया करतां येत नाहीं. एका प्रकारचे किरण तीव्र सोडले तर गांठ नष्ट होते, पण वाटेंतील निरोगी मांसही जळतें. सौम्य सोडले तर मांस वांचतें आणि गांठही वांचते! वैद्यानें करावें काय? कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत हें कोडें चर्चिलें आहे.

उत्तरापूर्वीं एक गोष्ट. एका जुलमी सत्ताधीशाच्या किल्ल्याकडे चोहोंकडून रस्ते जात. परंतु सर्वांत सुरुंग पेरलेले. मोजकीं माणसें सुखरूप जात, मोठी फौज गेली कीं स्फोट होई. सेनापतीनें फौजेच्या लहान तुकड्या केल्या, निरनिराळ्या रस्त्यांनीं एकाच वेळीं धाडल्या आणि सारें बळ किल्ल्यापाशीं एकवटून तो जिंकला.

आतां सुचलें ना? सौम्य किरण अनेक दिशांनीं सोडावे. ते गांठीवर एकत्र यावे. ही केवळ कल्पना नव्हे. स्वीडनचे शल्यवैद्य लार्स लेक्सेल यांनीं १९५१ सालीं मेंदूसाठीं असाच उपाय मांडला. त्यांतून पुढें निघालेल्या गॅमा नाइफ यंत्रांत सुमारें २०० किरणशलाका एका बिंदूवर मिळतात.

अमेरिकेंत मेरी गिक व कीथ होलिओक यांनीं १९८० सालीं व पुढें हीच गोष्ट आणि हेंच कोडें विद्यार्थ्यांपुढें ठेवलें. गोष्टीवांचून उत्तर सुचलें तें शेंकडा सुमारें १० जणांस. गोष्ट वाचूनही सुमारें ३० जणांसच. मात्र ‘ती गोष्ट उपयोगी पडेल’ एवढें म्हणतांच आंकडा पाऊणशेंच्या घरांत गेला. म्हणजे किल्ली खिशांतच होती! परंतु एकीकडे फौज, दुसरीकडे रोगी. स्मृति वरच्या वेषास ओळखते, आंतल्या संबंधास सहसा नाहीं. दोन निराळ्या गोष्टी शेजारीं ठेवून त्यांतील साम्य लिहावयास लावलें, तेव्हां मात्र युक्ति वेषापासून सुटी झाली आणि अधिक जणांस आपोआप सुचली, असें १९८३ सालीं त्यांनाच आढळलें.

आपण मुलांस आंब्यांचें त्रैराशिक शिकवितों. परीक्षेंत मजूर आणि विहीर आली कीं तें मूल अडतें, आणि त्यास मठ्ठ ठरविण्याची आपणांस कोण घाई! दुसरें उदाहरण शेजारीं ठेवण्याचे कष्ट कोणी घेतले होते काय?

आज जेवतांना घरांत ही गोष्ट सांगा, मग हें कोडें घाला. दोहोंचा संबंध मात्र सांगूं नका.